द्वारकाबाईंचा रोगी

व्रतवैकल्यांत कळंब गावात आपला हात धरणारी बाई अजून जन्मायची आहे, असं द्वारकाबाईंचं ठाम मत होतं. सोमवार अळणी, शनिवार एकभुक्त, तुळशीला पाणी घातल्याशिवाय घोट नाही! व्रत आपल्या तोंडानं सांगितलं की पुण्य जातं, म्हणून त्या सांगत मात्र नसत. पाणवठ्यावर फक्त असा सुस्कारा सोडत, की बायकाच विचारत, "आज उपास वाटतं?" त्यामुळे श्रावणातल्या पोथीच्या समाप्तीची आरती अकरा वर्षं त्यांच्याच हातात.

यंदा मात्र शाळामास्तरांची मालती रजेवर आली. पुण्याला नर्सिंग शिकत होती. पोथी वाचणाऱ्या रामहरीबुवांनी देवळात सहज विचारलं, "काय शिकवतात गं तिथं?"

"आधी शपथ घ्यायला लावतात, बुवा. रोग्याची जात बघायची नाही, श्रीमंती बघायची नाही, किळस करायची नाही. आधी त्याची सेवा, मग आपलं घास-पाणी."

"अहाहा! याहून मोठं व्रत कोणतं? यंदाची आरती मालतीच्या हातून!"

द्वारकाबाईंच्या काळजावर कुणी मिरच्यांची फोडणी ओतली! कालची पोर, आणि एका शपथेत आपली अकरा वर्षं धुऊन नेली? घरी येऊन त्यांनी देवापुढं मनातल्या मनात पण केला, 'समाप्तीपत्तुर रोज एका रोग्याची सेवा केल्याबिगर घास घेणार न्हाय. मग बघू आरती कुणाची!'

समाप्तीला पाच दिवस होते.

पहिल्या दिवशी झुंबर गुराख्याच्या पायात काटा मोडला. द्वारकाबाईंनी तो काढला, पाय धुतला, चांगल्या लुगड्याचा पदर फाडून पट्टी बांधली! भाकरी काय गोड लागली म्हणता!

दुसऱ्या दिवशी पाहतात तो गावातले सगळे खोकले आणि गळवं मास्तरांच्या ओट्यावर मालतीपुढं रांग लावून बसलेली. "एवढं रोगी एकटीला! आन् मला एक न्हाय!" एवढ्यात वाटेनं जाणारे सर्जेराव शिंकले.

"ताप हाय तुमाला! आडवं व्हा!"

"अवो, जवारीची धूळ गेली नाकात!"

"रोग्यानं बोलू न्हाय!"

त्यांना घरात ओढून निजवलं, कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवून द्वारकाबाई काढा आणायला वळल्या, आणि रोगी घडीसकट परसदारातून पसार! त्या पडल्या सत्याच्या. सेवा अर्धीच झाली, म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली.

तिसऱ्या दिवसापासून द्वारकाबाई गल्लीत शिरल्या की गल्ली ठणठणीत व्हायची. दहा वर्षं कंबर धरून चालणाऱ्या छबूबाईंनी तर दोन भरल्या घागरी उचलून दाखवल्या, "बघा, काय बी न्हाय मला!" घरी नवरा, आबासाहेब, लिंबाएवढा गाल घेऊन बसलेले.

"दाढ दुखतीया?"

"न्हाय! सुपारी हाय गालात."

"कवापासनं?"

"कालपासनं!"

तिसरा दिवस उपाशी. चौथा उपाशी. पाचवाही उपाशीच, आणि त्याच दिवशी समाप्ती. बुवांनी कापूर पेटवून तबक मालतीपुढं धरलं. द्वारकाबाई तरातरा पुढं सरसावल्या, आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन सरळ फरशीवर आडव्या!

मालती तबक सोडून धावली. डोकं मांडीवर घेतलं, नाडी धरली. हळूच म्हणाली, "मावशी, किती दिवस जेवला नाहीत?"

द्वारकाबाईंनी तीन बोटं दाखवली. गुळाचं पाणी ओठांशी आलं, तर तोंड फिरवून पुटपुटल्या, "रोगी... भेटला न्हाय."

मालतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "भेटलाय की! तुम्हीच. करा सेवा, प्या!"

यात खोट काढायला द्वारकाबाईंनाही जागा सापडेना. प्यायल्या.

"मालती, कापूर विझतोय!" बुवा ओरडले.

"रोग्याला सोडून येता येत नाही, बुवा!"

मग काय, बुवांनी तबक शेजारच्या हातांत कोंबलं. ते हात छबूबाईंचे! एकादशीलाही कांदा खाणाऱ्या छबूबाईंचे! द्वारकाबाईंनी डोळे गच्च मिटले. आरती गेली, निदान उपास तरी गावाला कळावा!

"मालते, सांग की गं त्यास्नी, मला काय झालंय ते!"

"रोग्याची गोष्ट चारचौघांत सांगायची नाही, मावशी. तीसुद्धा शपथच आहे आमची."

इतक्यात आरती घेऊन छबूबाई आल्या. "काय वो, काय झालं?"

तोंडानं सांगावं तर पुण्य जाणार! द्वारकाबाईंनी सगळ्या देवळाला दिसतील अशी तीन बोटं वर केली.

छबूबाईंचे डोळे विस्फारले. "तीन? अवो द्वारकाबाई, श्रावणात पुरणाची एक पोळी जड जाती, आन् तुमी तीन हाणल्या!"