वजनकाट्यावरचा संशयित

बाजारातल्या कोंबडीला काय खायला घालतात कोण जाणे, या एका शंकेपायी मी कोंबड्या घरीच वाढवायचं ठरवलं. (शंका हा माझा पिढीजात आजार. ऑफिसातलं कपाट बंद केल्यावर मी कुलूप तीनदा ओढून बघतो.) मागच्या गॅलरीत पिंजरा मांडला, सहा पिल्लं आणली. बायकोनं कपड्यांची दोरी सोडली खरी, पण अट घालून.

"सहा आठवड्यांत एक तरी चार किलोची झाली, तर गॅलरी तुमची. नाहीतर पिंजरा भंगारात."

दुकानातल्या खाद्यावर माझा भरवसा नव्हता. मका, सोयाबीन, शेंगदाणे मी स्वतः भाजून भरडायचो आणि दाण्यांत कुणी काही मिसळलं तर नाही ना, म्हणून रोज दोन मुठी चाखायचो. (एका मुठीत नीट कळत नाही.) शेजाऱ्यांची नजर बरी नव्हती, म्हणून संध्याकाळचं फिरणं सोडून पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायचो.

दर रविवारी वजन. कोंबडी काट्यावर ठरत नाही, तेव्हा तिला काखेत धरून मीच उभा राहायचो आणि माझे अडुसष्ट किलो वजा करायचो. ते अडुसष्ट पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवले होते, पक्क्या शाईनं.

सहाव्या रविवारी काटा बहात्तरवर गेला.

"चार किलो! गॅलरी माझी!"

"चिकनवाल्याकडे चला," बायको म्हणाली. "मला काही खरं वाटत नाही."

चिकनवाल्यानं कोंबडी तराजूत ठेवली. "दोन किलो."

"काटा मारतोय हा! घरी चार भरली होती!" मी ओरडलो. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. वाटेत कोंबडी बदलली की काय, अशीही शंका आली. (पिशवी बायकोच्या हातात होती. पण जीव प्यारा असतो, गप्प बसलो.)

"घरी मोजली कशी, काका?"

मी पद्धत सांगितली. त्यानं पोती मोजायच्या काट्याकडे बोट दाखवलं. "आता कोंबडीशिवाय उभे राहा."

राहिलो. सत्तर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगावर संशय घेतला, फक्त भिंतीवरच्या त्या अडुसष्टवर तेवढा घेतला नव्हता.

"खाद्य मात्र चांगलं होतं हं," बायको म्हणाली.

सहाही कोंबड्या त्याच दुकानात गेल्या आणि गॅलरीत पुन्हा दोरी आली. दर रविवारी वजन अजून होतं, माझं. काट्यावर चढवण्याआधी बायको माझे खिसे तपासते. त्यांत शेंगदाणे असतात, असा तिला संशय आहे.

(असतात.)