आसनाखालचा बिबट्या

एका जंगलात, बाळांनो, एक राजा होता. त्याच्याकडे सगळं होतं. फक्त बसायला काही नव्हतं.

हे जंगल आपल्याकडचं नाही. दूर आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तिथे लाल मातीच्या डोंगरांवर बामिलेके लोक राहतात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी हे जंगल होतं. राजाचं नाव वाफो. तो गोरिला होता. चांगला ऐसपैस गोरिला.

वाफो एका खडकावर बसायचा. तो उठला की त्याच खडकावर कुणीही बसायचं. एकदा तर बेडूक बसला होता. वाफोला त्याचं काही वाटत नसे.

एके दिवशी तो केळी खायला डोंगर चढून गेला. गावात उत्सव चालला होता. वाफोने केळीच्या पानांआडून पाहिलं. जो तो आपापल्या मानाप्रमाणे बसला होता. साध्या माणसाला साधं लाकडी आसन. मानकऱ्याला कोरीव. आणि मधोमध गावचा राजा. त्याचं आसन एका अखंड ओंडक्यातून कोरलेलं. ना सांधा, ना खिळा. वर गोल बैठक आणि ती पाठीवर तोलून धरणारा लाकडी बिबट्या. बिबट्याच्या आसनावर फक्त राजाने बसायचं, अशी तिथली रीत. आसपासच्या जंगलांतही ती सगळ्यांना ठाऊक होती.

वाफो केळी न खाताच परत आला.

"मला तसलं आसन हवं," तो म्हणाला.

टाला नावाच्या सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. टाला मोठा कलावंत होता. म्हणून तो आधी "जमणार नाही" म्हणाला. मग "बघतो" म्हणाला. मग त्याने विचारलं, "खाली कोण?"

"म्हणजे?"

"बैठकीखाली बिबट्या कोरायचा, तर तो समोर उभा पाहिजे. मी मनाने कोरत नाही."

सगळ्यांनी जोमोकडे पाहिलं. जोमो हा जंगलातला एकुलता एक थोराड बिबट्या. तो उसळलाच. "राजाच्या बुडाखाली? मी? आमच्या घराण्यात असलं काही झालेलं नाही!"

वाफोचा प्रधान पोपट होता. तो खाकरला.

"गैरसमज होतोय. खाली कोण, हा प्रश्नच नाही. राजाच्या सर्वांत जवळ कोण, असा प्रश्न आहे."

जोमो थबकला. "सर्वांत जवळ?"

"मधून वारासुद्धा जाणार नाही."

झालं! रानरेडा पुढे सरसावला. म्हणाला, बिबट्याचाच हट्ट कशाला? कासव म्हणालं, माझी पाठ जन्मतःच बैठकीसारखी आहे. साळिंदरही पुढे आलं. त्याला मात्र प्रेमाने परत पाठवलं. मग जोमोने एक डरकाळी फोडली. त्यानंतर कुणाचीच इच्छा उरली नाही.

जोमो उड्या मारत घरी गेला. त्याच्या बायकोला जुळे बछडे होते. तिकडे जुळ्यांच्या आईला मानाने माग्ने म्हणतात. सगळे तिला तेच म्हणायचे.

"अहो, पण म्हणजे खालीच ना?" माग्नेने विचारलं.

"जवळ," जोमो म्हणाला. "जवळ म्हण."

टाला कोरू लागला. जोमो समोर पाठ वाकवून उभा राहिला. "मिशी हलवू नका," टाला म्हणायचा. "नाकपुडी जरा खानदानी ठेवा." काम काही संपेना. तेवढ्यात सुगीचा दरबार आला. आता खडकावर बसायला राजाला लाज वाटू लागली.

"महाराज, आजच्यापुरता मीच आहे की," जोमो म्हणाला आणि वाकला.

वाफो बसला. जोमोचा श्वास बाहेर गेला आणि बराच वेळ आत आलाच नाही.

"उबदार आहे," वाफो म्हणाला.

जोमोच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने की वजनाने, ते त्यालाही कळलं नाही.

तेव्हापासून आसन तयार होईपर्यंत ही तात्पुरती सोय ठरली. राजाला नमस्कार करायला जो वाकायचा, त्याचं तोंड जोमोच्या तोंडासमोर यायचं. "सगळं जंगल मला नमस्कार करतं," असं तो घरी सांगायचा. सांगतानाही तो वाकलेलाच असायचा. पाठ सरळ होत नव्हती. त्याला शिकार जमेना. ती आता माग्नेच करायची. दमून यायची, बछड्यांना भरवायची, उरलं तर नवऱ्याला द्यायची.

शेवटी आसन तयार झालं. असं सुरेख, की टाला स्वतःच त्याच्याभोवती फिरून रडला. जोमोचं मात्र तोंड उतरलं.

"लाकूड थंड असतं," तो खालून म्हणाला. "महाराजांना सर्दी होईल."

प्रधानाने लगेच समिती नेमली. समितीत जोमोही होता. तो खालूनच बोलायचा. समितीने पुष्कळ विचार केला आणि ठरवलं, की तात्पुरती सोय कायम ठेवावी. आसन योग्य वेळ येईपर्यंत जोमोच्या घरी ठेवावं. चेहरा त्याचाच आहे, तोच नीट सांभाळेल.

आसन माग्नेच्या गुहेबाहेर आलं. ती शिकारीहून परतली. पाय दुखत होते. समोर बसायला काहीतरी होतं. ती बसली. बरं वाटलं. मग ती रोज बसू लागली.

एक दिवस शेजारच्या जंगलाचा राजा, एक म्हातारा हत्ती, पाहुणा म्हणून आला. वाट माग्नेच्या गुहेवरूनच होती. बिबट्याच्या आसनावर कुणीतरी बसलेलं पाहून त्याने सोंड उचलून मुजरा केला आणि मधाचं पोळं पुढे ठेवलं.

"अहो, मी राजा नाही हो!" माग्ने गडबडली.

"मोठी माणसं असंच म्हणतात," हत्ती म्हणाला आणि समोर बसकण मारून गप्पा मारू लागला.

पाहुणा येईना म्हणून वाफोच निघाला. तो जोमोवर बसूनच आला. जोमो थोडं चालायचा, मग धापा टाकायचा. मागे सगळा दरबार.

"हा कोण?" हत्तीने विचारलं.

"हे आमचे राजे," माग्ने म्हणाली.

"मग हे बसलेत कशावर?"

"माझ्या नवऱ्यावर."

हत्तीने दोघांकडे नीट पाहिलं. "गरिबी वाईट," तो हळूच म्हणाला.

वाफोचे कान लाल झाले. "ऊठ! ते माझं आसन आहे."

माग्ने लगेच उठली. "घ्या की महाराज. फक्त माझा नवरा मोकळा करा. पोरं त्यांना विसरत चाललीत."

वाफो खरंच उठू लागला. तोच खालून किंकाळी आली.

"नको, महाराज! उठू नका! तुम्ही उठलात तर मी कोण?"

माग्नेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. त्याची मान आता तेवढी वर होत नव्हती. वाफो पुन्हा टेकला. उबदार तर होतंच.

माग्नेने डोळे पुसले आणि ती परत आसनावर बसली. पाहुण्याने तिला मध वाढला. मग रानरेड्याला आपल्या कुरणाचं भांडण आठवलं. पुढे जाऊन त्याने ते माग्नेलाच सांगितलं. तिने निवाडा केला, तो बरा होता. दुसऱ्या दिवशी आणखी कुणी आलं.

जोमो आजही दरबारात सांगतो, "आमच्या हिला एवढा मान आहे, तो माझ्या ओळखीमुळे."

तात्पर्य: बाळांनो, वरच्यांपुढे वाकणाऱ्याला हसू नये. घरातल्या एकाने दरबारात पाठ वाकवली, की बाकीच्यांना घरी ताठ बसता येतं.