'परवाचा उद्या' आणि माझे टेस्टर

कोणत्याही गोष्टीतली चूक शोधायची असेल तर बंगळूरमधल्या हेब्बाळच्या आमच्या टेक पार्कात माझ्या टीमइतकी तरबेज माणसं सापडणार नाहीत, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. आम्ही सॉफ्टवेअर तपासतो, त्यामुळे ते लिहिणारे आम्हाला समोरून येताना बघून जिना बदलतात. नवा टेस्टर कँटीनच्या मेन्यूतल्या चुका काढायला लागला की तो तयार झाला, असं मी समजतो. ही सगळी माणसं मी स्वतः घडवली आणि त्याचा मला फार अभिमान होता. होता, असं म्हणतोय याकडे कृपया लक्ष द्या!

माझी बायको आसावरी पुण्यात नाटकांतून कामं करायची. माझ्या नोकरीपायी ती बंगळूरला आली आणि तिचा कमावलेला आवाज भाजीवाल्याशी मोडक्या कन्नडात घासाघीस करण्यापुरता उरला. ती तक्रार करत नसे आणि मला तेच जास्त लागायचं. अखेर राजाजीनगरच्या एका डबिंग स्टुडिओत तिला काम मिळालं. 'परवाचा उद्या' नावाची कालप्रवासाची इंग्रजी मालिका एका अ‍ॅपवर सगळ्या भाषांत येणार होती आणि तिच्या नायिकेचा मराठी आवाज होता आसावरीचा! "थांबा, तो दरवाजा उघडलात तर मी जन्मालाच येणार नाही" असली वाक्यं ती कपडे वाळत घालतानाही घोळवायची. पुणं सुटल्यापासून एवढी खुशीत मी तिला पाहिलीच नव्हती.

मग स्टुडिओतल्या चंदना मॅडमनी कळवलं की ज्या भाषेत प्रेक्षकांचे अभिप्राय चांगले येतील, त्याच भाषेत दुसरा सीझन होईल. आसावरीचं तोंड एवढंसं झालं.

"आपली माणसं मालिका बघतात आणि झोपतात," ती म्हणाली. "अभिप्राय लिहायला बसतंय कोण?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो. सगळं बिनसलं ते इथे.

माझ्या टीममध्ये मराठी पोरं पुष्कळ. नागपूरच्या रणवीरला मी केबिनमध्ये बोलावलं. "सगळ्यांनी ही मालिका बघायची आणि अ‍ॅपवर अभिप्राय टाकायचे. माझ्या घरचा प्रश्न आहे."

"व्यवस्थित बघायची नं सर?"

"अगदी व्यवस्थित," मी म्हणालो. हा शब्द टेस्टरसमोर कधीही उच्चारू नये.

सोमवारी मी मोठ्या उत्साहात अ‍ॅप उघडलं. पहिलाच अभिप्राय रणवीरचा. "पहिला भाग. नायिका १९७५ सालात जाते. अपेक्षित: घरावर डिश अँटेना नसावी. प्रत्यक्षात: आहे. पुन्हा पाहिलं, पुन्हा दिसली. गंभीर." त्याखाली टीममधल्या स्मृतीचा. "नायिका भूतकाळात पावसात भिजते, वर्तमानात केस कोरडे. दर वेळी घडते." तिच्याखाली आणखी एक विद्वान. "आजोबा वाचले तर यंत्राचा शोधच लागत नाही. मग आजोबांना वाचवलं कशाने? कथा येथे हँग होते." आणि सगळ्यांचा मिळून एकमताने एकेक तारा!

मी रणवीरला गाठलं. "अरे, एक तारा?"

"सर, एवढे दोष नोंदीत उघडे असताना पास कसं करणार? तुम्हीच तं शिकवलं."

"मग ते दोष बंद करा."

"पुन्हा तपासल्याशिवाय बंद नाही करता येत सर. तेही तुम्हीच शिकवलं."

मी म्हटलं, तपासा! त्यांनी मालिका पुन्हा पहिल्यापासून पाहिली. जुना एकही दोष दुरुस्त झाला नव्हता, कारण शूटिंग कधीच संपलेल्या मालिकेतली अँटेना उतरवायला कोण चढणार? वर नवे दोष निघाले ते वेगळेच. मी वैतागून रणवीरच्या अभिप्रायाखाली लिहिलं, "हा दोष नाही, कथेची गरज आहे." क्षणात त्याचं उत्तर आलं, "मान्य नाही. पुन्हा उघडला." ही जुगलबंदी वाचून सोलापूर-सांगलीकडचे लोक, ज्यांनी मालिका नुसती आवडली म्हणून बघितली होती, तेही मागे जाऊन अँटेना शोधायला लागले आणि आपापले तारे कमी करून आले.

आसावरीला मी "सगळे अभिप्राय शेवटी एकदम वाच, मजा येईल" असं सांगून थोपवून धरलं होतं. आता माझी पाचावर धारण बसली. मी थेट राजाजीनगरच्या व्यंकोजी अण्णांचे पाय धरले. अण्णा म्हणजे तिथल्या जुन्या मराठी मंडळींचे वडीलधारे. त्यांचं घराणं काही शतकांपूर्वी इकडे आलं आणि परत जायचं राहूनच गेलं.

"अण्णा, पाच तारे द्यायचेत. सगळ्यांनी."

"सरी शुभंकरराव, देऊ की," अण्णा म्हणाले. "पण बघितल्याबगर कसं देणार? हॉलात पडदा लावू, सगळे मिळून बघू."

मंडळाच्या हॉलमध्ये पडदा लागला. पहिल्या रांगेत अण्णांच्या पत्नी मालनबाई. नायिका भूतकाळात गेली तशा त्या अस्वस्थ झाल्या.

"ही पोरगी आत्ता हितं होती की. कुठं गेली?"

"मागच्या काळात गेली, अक्का," मी म्हणालो.

"एकटीच? घरी सांगून तरी गेली काय?"

पुढचा अर्धा भाग हॉलमध्ये यावरच चर्चा चालली. मंडळाची पद्धत अशी की कार्यक्रम संपला की थोरांपासून सुरुवात करून प्रत्येकाने अभिप्राय द्यायचा, आणि तो कार्यक्रमाच्या व्यवस्थेबद्दल. मी एकेकाच्या हातात मोबाइल देत गेलो आणि त्यांनी इमानदारीत पद्धत पाळली. "शुभंकररावांच्या सांगण्यावरून आलो. काफी स्वल्प गार होती. फॅन एकच. पोरगी गुणाची आहे, पण फार फिरते. तीन तारे." असे हॉलभर अभिप्राय, कालप्रवासाच्या मालिकेखाली!

आठवड्याने चंदना मॅडमचा फोन आला. आसावरीने तो मोठ्या आशेने स्पीकरवर टाकला. सगळ्या भाषांत मिळून सर्वांत जास्त अभिप्राय मराठीत आले होते आणि सर्वांत कमी तारेही मराठीतच पडले होते. मराठीचा दुसरा सीझन होणार नव्हता. मॅडमना दोनच शंका होत्या. मालिकेत ही कॉफी कुठल्या भागात आहे, आणि शुभंकरराव कोण?

आसावरीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने अ‍ॅप उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. ती भांडेल, भांडी आपटेल, माहेरी फोन लावेल, अशी माझी पूर्ण तयारी होती. तसं काही झालं नाही.

"एवढ्या लोकांना अँटेना दिसली," ती म्हणाली. "माझा आवाज कुणालाच ऐकू नाही आला का रे?"

"अगं, आवाजात दोष नव्हता म्हणून तर कुणी लिहिलं नाही!" मी समजूत काढली. "दोष नसला की आमच्यात काही लिहीत नाहीत."

"आणि तू? तू काय लिहिलंस?"

मी खाली मान घालून दाखवलं. पाच तारे, आणि पुढे एक ओळ: "पडद्यावर खाली येणारी सबटायटलची अक्षरं किंचित उशिरा येतात."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जिच्या आवाजासाठी एवढा खटाटोप केला, त्या आवाजाबद्दल एक शब्द लिहायचं मलाच सुचलं नव्हतं.

आता घरात आसावरीचा आवाज ऐकायचा तर टीव्ही लावावा लागतो. काल मी डोळे मिटून सगळे भाग ऐकले. अप्रतिम आवाज आहे हो! चौथ्या भागात ती आजोबांचा निरोप घेते तेव्हा मला रडू आवरेना. तिथल्या तिथे अभिप्राय लिहायला गेलो, तर मराठीचे अभिप्राय घेणं त्यांनी बंद केलेलं. म्हणून तुम्हाला सांगतो, साक्षीला राहा: आवाजाला पाचपैकी पाच तारे, एकही दोष नाही.

म्हणजे त्या निरोपाच्या वाक्यात श्वास जरासा माइकवर आलाय, पण तो गंभीर म्हणता येणार नाही.