बत्ताशाच्या सुईचं उद्यापन

मंगळागौर पाच वर्षं पुजून उजवली, तशी बत्ताशाची सुईही यंदा उजवून टाकावी, असं उमाबाईंच्या मनाने घेतलं. सगळं तिथून सुरू झालं.

बत्ताशा हा त्यांचा पांढरा, गुबगुबीत कुत्रा. एका गुरुवारी औदुंबरला दत्तदर्शन करून येताना गाडीमागून पळत आला, म्हणजे महाराजांनीच धाडला. सांगलीच्या गुरांच्या दवाखान्यातले नानासो डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, "पिसाळू नये म्हणून दरसाल सुई टोचायची बघा, वैनी. चुकवायची न्हाई."

उमाबाईंना यात नवीन काय? त्यांनी व्रतच घेतलं. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः उपास करून (बत्ताशालाही नुसत्या दुधावर ठेवून) दवाखान्यात जायच्या. सुईला हळदकुंकू वाहायच्या. बत्ताशा त्यांच्या पदरात तोंड खुपसायचा, त्या डोळे मिटून नामस्मरण करायच्या आणि नानासो तेवढ्यात सुई पुसून काम उरकायचे.

अशा पाच सुया झाल्या आणि यंदा दत्तजयंती आली, ती सुईऐवजी उद्यापन घेऊन.

"जेवायला कोण?" गंगाधरपंतांनी विचारलं. ते संस्थानच्या कचेरीत कारकून. घरात मात्र सदैव यजमान.

"पाच कुत्री."

"आणि त्यांना कुंकू कोण लावणार?"

"अहो, पूजेला यजमान तुम्हीच ना! आणि पंगतीला तुम्हीही बसायचं. पाहुण्यांना एकटं जेवू घालू नये."

रेशनचा गूळ महिनोन्‌महिने बाजूला टाकून पुरण शिजलं. परसात पत्रावळी मांडल्या. घाटावरची पाच कुत्री वासावरच आली, बोलावणं करावं लागलं नाही. त्यांच्या ओळीच्या शेवटी सोवळं नेसलेले पंत, आणि पंतांच्या शेजारी उत्सवमूर्ती बत्ताशा.

उमाबाईंनी नैवेद्याला हात जोडले. कृष्णेवरून गार वारा येत होता, उदबत्तीचा धूर वर वर जात होता, आणि त्या धुरात त्यांना साक्षात दत्तगुरू दिसू लागले. पायाशी चार कुत्री. आणि पाचवा कोण, तर बत्ताशा! कपाळी कुंकू, डोळ्यांत केवढी शांती. महाराज हात उचलून काहीतरी म्हणणार, इतक्यात...

"उमे, अगं डोळे उघड!"

डोळे उघडले तो बत्ताशाच्या तोंडात पुरणपोळी होती, बत्ताशाचा कान एका तांबड्या कुत्र्याच्या तोंडात होता, आणि पंत धुण्याच्या दगडावर उभे होते. त्यांची पत्रावळ मात्र त्यांच्या हातात सुखरूप होती.

कानातून रक्त आलेलं पाहिल्यावर उमाबाई बत्ताशाला उराशी धरून अनवाणी दवाखान्याकडे धावल्या.

"औंदाची सुई कुटं हाय?" नानासोंनी कान धुता धुता विचारलं.

"उजवली."

"उजवली?" नानासोंच्या हातातला बोळा तसाच राहिला. "आवं वैनी, ही काय मंगळागौर हाय व्हय? कुत्रं जित्तं हाय तवर टोचायची! आता ते तांबडं पिसाळलेलं निघालं तर?"

त्यांनी सुई दिली; पण तांबड्यावर पंधरवडाभर नजर ठेवायला बजावलं. धडधाकट राहिला तर भ्यायचं कारण नाही. गायब झाला तर मात्र काही सांगता येत नाही.

बत्ताशा उमाबाईंचा हात चाटत होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथेच दत्तगुरूंना हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "महाराज, माझं चुकलं. बत्ताशाला वाचवा. आज माझ्या दारी पंगतीला बसलेल्या एकूण एकाला मी दरसाल सुई टोचून आणीन. जन्मभर!"

तांबडा गायब होऊ नये म्हणून त्याला रोज भाकरी घालावी लागली. तो एकटा जेवेना, म्हणून उरलेल्या चौघांनाही. गंगाधरपंत कचेरीतून आले की आधी विचारत, "तांबडोबा पाणी प्यायले का?" बायकोला त्यांनी इतक्या काळजीने कधी विचारलं नव्हतं, पण उमाबाईंना त्यातही महाराजांचीच कृपा दिसली.

पंधरवडा सरला. तांबडा जाडजूड झाला. बत्ताशाचा कान भरून आला. उमाबाई तृप्त मनाने नवस फेडायला निघाल्या. पुढे तबक, मागे बत्ताशा, त्यामागे पाचही कुत्र्यांच्या दोऱ्या धरून ओढले जाणारे पंत. वाटेत खणभागातले लोक दारात येऊन हात जोडत होते (कुणाला, ते कळत नव्हतं).

पाच जणांना टोचून झालं. बत्ताशाला तर आधीच मिळाली होती. पंतांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, झालं एकदाचं!"

नानासो सुई पुसता पुसता थबकले. "वैनी, नवस कसा बोलला व्हता? पंगतीला बसलेल्या एकूण एकाला, न्हवं?"

"हो."

"मग पंत बी पंगतीलाच व्हते की!"

पंत हसले. नानासोही हसले. बत्ताशानेही शेपूट हलवली.

उमाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पतीकडे अपार मायेने पाहिलं, डोळे मिटले आणि तबकातलं कुंकू सुईला लावलं.