मारुतीचा चहा

शेवट ओळखून दाखव. ओळखलास तर परड्यातला फणस तुझा. नाय ओळखणार तू.

आमच्या पोथीतल्या मारुतीनं भर देवळात, कथा चालू असताना, चहाची सुट्टी मागितली.

आम्ही चित्रकथी. देवांची चित्रं काढलेली सुटी पानं एकेक करून समोर उभी करायची आणि गाऊन कथा सांगायची. लक्ष्मण बेशुद्ध पडलेलं पान झालं. पुढचं मारुतीचं, हातावर डोंगर. ते लावलं की मी चहाला उठतो. चाळीस वर्षं उठतोय.

त्या दिवशी उठलो तर चित्रातून आवाज आला, "भिवा, बस खाली."

बसलो.

"तू दोन कप पितोस, वर विडा खातोस. तोवर डोंगर कोण धरतं?"

"तुम्हीच, देवा."

"तुझ्या आज्यानं रंगवलं तेव्हापासून मीच. आज मी जातो."

देवळाचे मानकरी आपा सावंत पुढंच बसलेले. चष्मा लावून म्हणाले, "जा की. पण बदली माणूस कोण? डोंगर पडला तर औषध गेलं. औषध गेलं तर लक्ष्मण गेला. आमच्या देवळात असलं चालायचं नाय."

"दुसरा मारुती रंगव रे," मागनं कोण तरी बोललं.

"आज्याच्या पानाला ब्रश लावायचा नाय, ही घरची रीत," मी म्हणालो.

"मग मेल्या, तूच धर!" ही माझी बायको. सगळं देऊळ 'हो हो' म्हणालं.

मारुतीनं डोंगर माझ्या तळहातावर ठेवला. ओला होता. मुंग्या होत्या. तो गेला बाबलीच्या हॉटेलात. आमच्या पोथीत तोंडं एका बाजूनं काढतात, म्हणून बाबलीला त्याचा एकच डोळा दिसला. शेपूट रस्त्यावर. एसटी थांबली.

इकडं मी डोंगर या हातावरनं त्या हातावर घेतला. मागच्या पानात लक्ष्मणाचा श्वास बारीक झालेला. रामानं हळूच विचारलं, "किती वेळ रे?"

"दुसरा कप चाललाय, देवा."

रामानं लक्ष्मणाचं डोकं मांडीवर नीट घेतलं. चाळीस वर्षं माझे दोन कप त्यानं असेच सोसले होते.

मारुती आला, डोंगर घेतला, लक्ष्मण उठला. आपांनी नारळ फोडला.

आता डोंगराचं पान लागलं की मारुती चहाला जातो, धरून मी बसतो. विड्याला मात्र तो थांबत नाय. लक्ष्मण पडलाय, म्हणतो. माझा चहा सुटला तो सुटलाच.