थोरबोल्यांची बस माहेरी येते

आमच्या शेजारच्या थोरबोल्यांची बस दिवाळीनंतर माहेरपणाला आली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. बाजीराव थोरबोल्यांनी ती काही वर्षांपूर्वी बार्शीच्या बुरगुट्यांना दिली होती. देताना कपाळावर ताज्या रंगात ‘रेवती’ असं नाव घातलं होतं, आरशांना गोंडे बांधले होते. तेव्हापासून ती एकदाही आली नव्हती. यंदा भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर रेवती हजर. बरोबर ड्रायव्हर नव्हता. माहेराला यायला ड्रायव्हर कशाला लागतो, असं बाजीराव म्हणाले आणि मलाही ते पटलं.

तिच्या येण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. लोकांच्या गाड्या माहेरी येतातच. मागच्या आळीत एक रिक्षा दर श्रावणात येते, अंगणात मावते, चार दिवस राहून जाते, कोणाला कळतही नाही. पण रेवती बावन्न सिटांची. आमची गल्ली हायवेवरून वर चढते, आणि त्या चढाच्या सुरुवातीलाच ती थांबली होती. नाक गल्लीत आणि मागचा निम्मा भाग हायवेवर. साखर कारखाना नुकताच सुरू झालेला, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढत उसाचे ट्रॅक्टर टेप लावून सुसाट चाललेले असायचे. माझी बायको वैजयंता रोज सकाळी स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाते. बसच्या आडून तिला पलीकडचं काहीच दिसायचं नाही. आधी पुढचं चाक रस्त्यावर घालायचं आणि मग आपण वाचलो का ते पाहायचं, अशी रीत झाली होती. ती शाळेत पोचल्याचा फोन येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

शेवटी मी शेजाऱ्यांकडे गेलो. बाजीराव ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या पत्नी, हौसाकाकी, बसच्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल लावत होत्या.

“काका, रेवती किती दिवस आहे?” मी विचारलं.

काकींचा हात थांबला. बाजीरावांनी पान बाजूला ठेवलं.

“गुळवेसाहेब, तुमी शिकलेली माणसं,” ते म्हणाले. “माहेराला आलेल्या लेकीला कवा जाणार म्हून इचारत्यात व्हय?”

“तिला नाही विचारत, तुम्हाला विचारतोय.”

“ऐकू जातंय तिला,” काकी हळूच म्हणाल्या.

मी आवाज खाली आणला. “निदान थोडी पुढे तरी घेऊ या. तुमच्या दारात येऊ दे. बाकी काही म्हणणं नाही.”

“तिकडं रोज बार्शी-सोलापूर, बार्शी-सोलापूर,” बाजीराव म्हणाले. “हितं आल्यावं बी तिला चालवायची? माहेरवाशिणीला आमी पेला उचलू देत न्हाई.”

मी परत निघालो. जाताना बसच्या मागच्या चाकामागे एक मोठा धोंडा दिसला, त्यावर एक लाथ घातली. बसला लाथ मारणं शोभलं नसतं. पुढे ती माझी सवयच झाली. रोज कामावर जाताना त्या धोंड्यावर एक लाथ घालायची आणि मग दिवस सुरू करायचा.

रेवतीचे मात्र लाड चालले होते. काकींनी तिला शिकेकाईने न्हाऊ घातलं, नवे पडदे शिवले. संध्याकाळी आळीतल्या बायका तिच्या सिटांवर बसून गवार निवडत. रेवती उजळली असं सगळे म्हणू लागले. काकींना मात्र ती जरा गप्प वाटत होती. पूर्वी उगाच सुद्धा हॉर्न वाजवायची, म्हणाल्या.

मग एका सकाळी जे व्हायचं ते झालं. वैजयंताने चाक रस्त्यावर घातलं आणि ट्रॅक्टर आला. तिने स्कूटी मागे खेचली. ट्रॉलीतून लोंबणाऱ्या उसाने स्कूटीचा आरसा उडवला आणि ट्रॅक्टर गाण्यासकट निघून गेला. ती घरी आली, पायरीवर बसली. मी पाणी दिलं, तो तांब्या तिने न पिताच शेजारी ठेवला. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. मी तसाच चौकीवर गेलो.

हवालदार निमसे साखळदंड, जॅक आणि दोन माणसं घेऊन आले. त्यांनी बसला एक फेरी मारली, कपाळावरचं नाव वाचलं आणि टोपी काढली.

“सासरचं कोण आलंय न्यायला?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणालो.

“मग आम्हाला हात लावता येत नाही, साहेब. बेवारस असती तर उचलली असती. चोरीची असती तरी उचलली असती. माहेरवाशीण सासरच्या माणसाच्याच ताब्यात द्यावी लागते.”

“आणि माझी बायको ट्रॅक्टरखाली गेली तर?”

“ते वेगळं प्रकरण होईल,” निमसे गंभीरपणे म्हणाले. तरी माणूस चांगला होता. माझ्यासमोरच त्यांनी बार्शीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

बुरगुटे शांतपणे बोलले. “आम्ही पाठवलीच नव्हती. न सांगता गेली. गेली तशी येईल. आम्ही न्यायला आलो तर इथं आमची काय किंमत राहील?”

“पण इथे रस्ता अडलाय.”

“तिकडचा अडलाय ना,” बुरगुटे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

झालं. सासरचे नेणार नाहीत, माहेरचे पाठवणार नाहीत, सरकार हात लावणार नाही. माझं डोकं फिरलं. मी निमशांना म्हटलं, तुम्ही हात लावू नका, मी लावतो. तो धोंडा काढतो आणि चार माणसं घेऊन ढकलतो. मी वाकलो सुद्धा.

“अहो, थांबा,” वैजयंता पायरीवरून म्हणाली. “मी आधी तिच्याशी बोलते.”

खरं तर तिने रेवतीला शिव्या घालायला हव्या होत्या, आणि ही तिच्याशी बोलायला निघाली होती. वैजयंता बसमध्ये चढली, ड्रायव्हरच्या सिटावर बसली आणि तिने पडदा ओढून घेतला. बराच वेळ आम्ही सगळे बाहेर उभे होतो. बाजीराव मुंडाशाचं टोक चघळत होते. ती उतरली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

“तिचे ब्रेक गेलेत,” ती म्हणाली.

निमसे वाकून चाकाखाली पाहू लागले.

“पाय ठेवला तर पॅडल तळाला गेलं. मग मी विचारलं, कधीपासून. खूप दिवस झाले. तिकडे कोणी बघत नाही, नुसते फेऱ्या मारायला लावतात. पंचावन्न-साठ माणसं भरून. शेवटी ती रिकामी, तशीच निघाली, घाटातून तशीच उतरली. आपल्या गल्लीला चढ आहे हे तिला लहानपणापासून माहीत, म्हणून इकडे वळली. चढ लागला, वेग कमी झाला, मागे सरकली आणि त्या धोंड्याला टेकली. काका, ती इथे उभी राहिलेली नाही. ती इथे अडकलीय.”

मी त्या धोंड्याकडे पाहिलं. बावन्न सिटांची बस त्याच्यावर रेलून उभी होती. त्याच्या मागे हायवे. मी सरळ खाली बसलो.

“मग बोलली का न्हाई आमाला?” बाजीरावांचा आवाज फुटला.

“सासरची गाऱ्हाणी माहेरी सांगू नयेत, असं काकींनीच तिला जाताना सांगितलं होतं म्हणे,” वैजयंता म्हणाली.

काकींनी बसच्या पत्र्याला डोकं टेकलं आणि त्या रडल्या. मला रेवतीची, खरं सांगतो, फार माया आली.

आता ब्रेक करायचे हे ठरलं, पण बाजीराव अडून बसले. माहेरच्यांनी परस्पर दुरुस्ती केली तर ते सासरच्यांच्या तोंडावर मारल्यासारखं, उद्या त्याचे टोमणे रेवतीलाच ऐकावे लागणार. मुद्दा बरोबर होता. सगळे निमशांकडे पाहू लागले. निमशांनी टोपी घातली.

“पहिलं बाळंतपण माहेरी होतं,” ते म्हणाले. “त्याला सासरच्याला विचारावं लागत नाही, आणि त्यात कोणाचा अपमान नाही. ब्रेक त्यात बसवा. मी बार्शीला तसं कळवतो.”

सगळ्यांना हायसं वाटलं. फक्त मला एक शंका आली. “म्हणजे पुढे सव्वा महिना?”

“सव्वा महिना तर हायच,” काकी डोळे पुसत म्हणाल्या. “पर हितं न्हाई. बाळंतीण अशी रस्त्यावं, वाऱ्यात ठेवत्यात व्हय? धुरळा हाय, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर हाय.”

हे मी इतके दिवस वेगळ्या शब्दांत सांगत होतो.

मिस्त्री आला. आळीतल्या बायकांनी बसभोवती लुगडी धरली, आत पुरुष म्हणून एकटा मिस्त्री. दुपारी त्याने पॅडल दाबून दाखवलं. बाजीरावांनी स्वतः चालवत रेवतीला गावामागच्या बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये नेलं. तिथे तिन्ही बाजूंनी पत्रा आहे, काकींनी चौथ्या बाजूला गोणपाट लावलं, शेगडीत ओवा टाकला. जाताना रेवतीने हॉर्न वाजवला. लांबलचक वाजवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर उभा राहिलो. वैजयंता गल्लीच्या तोंडाशी थांबली. दोन्ही बाजूंनी रस्ता लांबपर्यंत दिसत होता. एक ट्रॅक्टर येत होता, तो तिला दिसला, तिने त्याला जाऊ दिलं आणि मग सावकाश निघाली. मी घरात आलो आणि फोनची वाट न पाहता दाढी केली. त्या धोंड्याला मी आता वळसा घालून जातो.

सव्वा महिना झाला तसे बुरगुटे आले. बाळंतपण म्हटल्यावर येणं भागच होतं. नवीन टायर, साडीचोळी आणि बर्फीचे खोके घेऊन आले आणि खाली मान घालून बसले. काकींनी रेवतीची ओटी भरली. शेडमध्ये तिच्या शेजारी एक छोटी व्हॅन उभी होती. सात सिटांची, नंबरप्लेट नसलेली, काचा अजून धुरकट. रंग आईचाच. बाळंतपण म्हटल्यावर तेही आलंच, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. चेहरा बाजीरावांवर गेलाय असं आळीचं मत पडलं.

बुरगुट्यांनी मला बर्फी पुढे केली. मी जरा थांबा म्हटलं, व्हॅनचं दार अलगद उघडलं आणि आत हात घालून ब्रेक दाबून पाहिला. घट्ट होता.

मग बर्फी घेतली.