दुपारच्या खोलीला विरोध

कुटुंब साहाय्य केंद्राच्या सभेचं बोलावणं धाकटीला आलं, थोरलीला आलं नाही. सगळं बिनसलं ते इथून. सरकार म्हणे घराघराला हातभार लावणारं केंद्र काढणार होतं आणि ते कसं असावं हे लोकांनाच विचारून ठरवणार होतं. लोक म्हणजे कोण, तर वरच्या मजल्यावर राहणारी आणि दिवसभर चष्म्यांच्या दुकानात बसणारी धाकटी जाऊ! खालच्या मजल्यावर सासूबाईंची औषधं, पथ्यपाणी आणि कुरकुर एकहाती सांभाळणारी थोरली मात्र लोकांत जमा नव्हती.

"तिलाच बरं बोलावलं!" थोरली नवऱ्याला म्हणाली.

"अगं, लस टोचायला बाळाला घेऊन गेली होती ना, तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंशी बोलली असेल."

"बोलायला काय लागतं? मीही बोलले असते. घराबाहेर पडायला मिळालं असतं तर!"

नवऱ्याने शहाण्या माणसासारखं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

थोरलीची या जगाकडे एकच मागणी होती. दुपारची जेवणं आटोपली की कुणीतरी सासूबाईंकडे बघावं आणि आपण दार लावून जरा पाठ टेकावी. सासूबाईंचे पाय थकले होते, गळा मात्र ठणठणीत होता. थोरलीने उशीला डोकं लावायचा अवकाश, "अगं ए" अशी हाक आलीच. हे दुखणं तिने एकदाच, जिन्यात, चिडून धाकटीजवळ बोलून टाकलं होतं आणि मग विसरूनही गेली होती. रागात बोललेलं तिच्या लक्षात राहत नसे. दुसऱ्याला मिळालेलं मात्र पैन् पै पाठ असे.

सभेच्या दिवशी ती सासूबाईंना चाकाच्या खुर्चीत घालून सभागृहाच्या दारात हजर झाली.

"बोलावणं आहे का?" शिपायाने विचारलं.

"बोलावणं नाही. पण कुटुंब आहे. हे काय, सोबतच आणलंय."

शिपायाने वाद घालण्यापेक्षा खुर्ची उंबऱ्यावरून उचलून दिली.

आत धाकटीच्या खांद्याशी 'कुटुंब प्रतिनिधी' असा बिल्ला लावलेला होता. थोरलीने तो दारातूनच वाचला. टेबलावर केंद्राचा मोठा नकाशा पसरला होता आणि प्रत्येकाला चिकटवायचे ठिपके वाटले होते. हवं तिथे हिरवा, नको तिथे लाल. अधिकारी बाई सगळ्यांना "मोकळेपणाने बोला हं" असं बजावत होत्या.

धाकटी उठली. "इथे एक खोली असावी. घरात म्हातारं माणूस असतं, त्याला दुपारी थोडा वेळ इथे आणून सोडता यावं. म्हणजे घरातल्या बाईला..."

"अजिबात नको!" थोरली कडाडली.

सभागृह वळून बघू लागलं. आजवर इतकी माणसं तिचं ऐकायला कधी जमली नव्हती. तिला चेव आला.

"सासूला काय गाठोड्यासारखं ठेवून यायचं? आणि घरी येऊन लोळायचं? दिवसभर दुकानात बसणाऱ्यांना सुचतं असलं! आम्ही करतो, मनापासून करतो, आणि कुणाला बिल्ला मागत नाही!"

टाळ्या पडल्या. एका शिंपिणीने तर डोळ्याला पदर लावला. थोरलीने नकाशावर पहिला लाल ठिपका असा दाबला, की खालचं टेबल हललं. मग रांगच लागली. ज्यांच्या घरात म्हातारं माणूसच नव्हतं, त्यांनी अधिक भक्तिभावाने ठिपके लावले. दुपारची खोली गोवर उठल्यासारखी लाल झाली. संधी साधून निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मग ती जागा व्याख्यानांना द्यावी. पालकांना वळण लावण्याची नितांत गरज आहे. मी रोज येऊ शकतो."

अधिकारी बाईंनी तसं लिहूनही घेतलं. थोरली विजयी मुद्रेने येऊन बसली. तिने मुद्दाम धाकटीच्या शेजारची खुर्ची निवडली होती.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "अहो, ती खोली मी तुमच्यासाठीच मागत होते. जिन्यात तुम्हीच म्हणाला होतात ना, दुपारी पाठ टेकायला मिळत नाही म्हणून?"

थोरलीच्या चेहऱ्यावरचा विजय जागच्या जागी आंबला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात, मला कुणाचे उपकार नकोत."

हे खरंच होतं, आणि म्हणूनच थोरलीला अधिक लागलं. आता उठून 'मला खोली हवी' म्हणावं, तर मघाच्या टाळ्या परत कराव्या लागणार. न म्हणावं, तर हेडमास्तरांच्या व्याख्यानांपायी उरलेल्या आयुष्यातल्या सगळ्या दुपारी जागं राहून काढायच्या. ती नकाशाकडे नुसती बघत राहिली. एवढी सोयीची खोली तिने जन्मात पाहिली नव्हती, खिडकीसुद्धा होती.

तेवढ्यात अधिकारी बाईंचं लक्ष चाकाच्या खुर्चीकडे गेलं. "आजी, तुम्हाला काय वाटतं? सूनबाई तर म्हणतात, तुम्हाला घरीच बरं."

"तिला काय विचारता? झोपते मी की ती?" सासूबाई म्हणाल्या. "दुपारी जरा डोळा लागतो, की ही दारात येऊन बघते, म्हातारी झोपली का. मग मी हाक मारते. दोघींचीही झोप जाते. वरची संध्याकाळी येऊन तेच करते. माझ्यासाठी नको, पण या दोघींपासून सुटका म्हणून द्या हो ती खोली."

सभागृह पुन्हा एकदा मनापासून हेलावलं. शिंपिणीने पदराचं दुसरं टोक वापरलं. हेडमास्तरांना व्हरांडा मिळाला.

केंद्र उघडलं. पहिल्या दुपारी सासूबाईंना सोडून थोरली घरी आली, दार लावलं, आडवी झाली. शांतता इतकी होती की झोप येईना. शेवटी चपला घालून ती केंद्राच्या मागच्या बाजूला गेली, तर खिडकीपाशी धाकटी आधीच टाचा उंचावून उभी.

"तू गं इथे?"

"जेवणाची सुट्टी आहे. शू! बघा तरी."

आत एक मदतनीस मुलगी सासूबाईंचे केस विंचरत होती आणि सासूबाई डोळे मिटून म्हणत होत्या, "काय हलका हात आहे गं तुझा!"

"हलका हात!" थोरली फणफणली. "इतकी वर्षं मी काय खराट्याने विंचरत होते?"

"मी तेलसुद्धा लावायचे. कधी एक शब्द नाही," धाकटी म्हणाली.

दोघी पहिल्यांदाच एका मताच्या झाल्या. मुलीचे कपडे भडक आहेत, भांग वाकडा पडलाय आणि तिला पुढेपुढे करायची सवय दिसते, यावर एकमत व्हायला क्षणही लागला नाही. तोच आतून आवाज आला.

"पोरी, बाहेर दोन बायका डोकावतायत बघ. तेवढा पडदा ओढून घे."

पडदा सर्रकन ओढला गेला. थोरलीने त्या कापडाकडे बोट दाखवलं.

"बघितलंस?" ती म्हणाली. "पडदासुद्धा तिलाच ओढायला सांगतात."